कान्हेरीचे उंचावरील लेख व जुनीं टेलिफोटो भिंगें

शिलालेखाचा शाईचा ठसा हातीं असल्यावर छायाचित्राची मातब्बरी ती काय, अशी समजूत आमच्या संशोधकमित्रांत अद्याप रूढ आहे. जेथें हात पोंचतो तेथपर्यंत ती खरीही आहे. परंतु जो लेख हाताच्या टप्प्याबाहेर कोरला आहे, किंवा ज्याचा दगड इतका झिजला आहे कीं ओला कागद चढवून ब्रशानें ठोकल्यास अक्षराचा पापुद्राच कागदाबरोबर खालीं यावा, त्या लेखाचें काय करावयाचें? मुंबईच्या उपनगरांतील लेण्यांपुरता तरी हा प्रश्न नित्याचा आहे. बोरिवलीच्या कान्हेरी डोंगरांत शंभरांवर लेणीं आहेत. त्यांचें काम इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकाच्या सुमारास सुरू होऊन दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत तेथें वस्ती व लेखन चालू होतें. अंधेरीच्या पूर्वेस कोंडिवटें, ज्यास लोक महाकालीचीं लेणीं म्हणतात, तेंही याच परंपरेंतलें. आमचें बिऱ्हाड त्याच डोंगराच्या पूर्व पायथ्याशीं, मुलुंडास, असल्यामुळें शाळेची नोकरी संपल्यापासून हीं लेणीं व त्यांकरितां जमविलेलीं जुनीं लांब पल्ल्याचीं भिंगें हा आमचा दुहेरी व्यासंग झाला आहे. त्यांतील जो भाग पोथ्या व लेख यांच्या अभ्यासकांस उपयोगी पडेल तेवढाच येथें मांडतों.

प्रथम भूमिति. समजा, लेख डोळ्याच्या पातळीपासून ५ मीटर उंच आहे. भिंतीपासून ३ मीटरांवर उभें राहून कॅमेरा वर रोखला, तर अक्षराची उंची जवळ जवळ निम्मीच दिसते. तेथून मागें सरून १२ मीटरांवर गेल्यास तीच उंची तेरांपैकीं बारा भाग दिसते, म्हणजे फार थोडी घटते. (५, १२ आणि १३ हें त्रिकूट बौधायनाच्या शुल्बसूत्राच्या वाचकांस जुन्या ओळखीचें आहे, वेदी मापण्याची दोरी लेण्यांतही कामीं येते.) ब्राह्मी लिपींत इकार अक्षराच्या डोक्यावर व उकार पायाशीं लागतो, म्हणून अक्षर वरून-खालून दडपलें गेलें कीं आधीं मात्रा जातात. कान्हेरीच्या दानलेखांत भिक्षूंचीं आणि भिक्षुणींचीं, दोहोंचीं दानें आहेत. ‘भिखुनो’ कीं ‘भिखुनिय’, हा निर्णय, पुढील अक्षर झडलें असेल तर, ‘न’च्या माथ्यावरील एका रेघेवर येऊन ठेपतो. दान देणारा पुरुष होता कीं स्त्री, हें ज्या रेघेवर ठरावयाचें, ती रेघ पायथ्याशीं उभें राहून काढलेल्या चित्रांत शोधणें व्यर्थ आहे.

मागें सरावें तर अक्षर लहान होतें, आणि येथेंच लांब भिंगाची गरज लागते. वरील उदाहरणांत लेखाचें तिरकें अंतर १३ मीटर. अक्षर ४ सेंटिमीटर उंच धरूं. आजच्या डिजिटल कॅमेऱ्याच्या ३६ मिलिमीटर रुंद संवेदकावर ६००० बिंदु असतील, तर ५० मिलिमीटरांच्या नेहमींच्या भिंगानें तें अक्षर सुमारें २५ बिंदूंत मावतें; २०० मिलिमीटरांच्या भिंगानें शंभरांवर बिंदु मिळतात व ३०० मिलिमीटरांच्या भिंगानें दीडशेंवर. पंचवीस बिंदूंत अक्षराचा आकार कळतो. छिन्नीची धार कोठें थांबली हें कळावयास शंभर तरी लागतात, असा आमचा अनुभव आहे.

भिंगावर कोरलेला हा मिलिमीटरांचा आंकडा म्हणजे त्याचें नाभ्यंतर होय. बाजारांत प्रत्येक लांब भिंगास सरसकट टेलिफोटो म्हणतात, तें बरोबर नाहीं. खऱ्या टेलिफोटो भिंगांत पुढें बहिर्गोल कांचांचा समूह असतो आणि त्याच्या मागें, किरण एकत्र येण्यापूर्वींच, अंतर्गोल समूह बसविलेला असतो. तो अभिमुख होणारे किरण थोडे पसरवितो. त्यामुळें चित्र जणू पुष्कळ लांबच्या भिंगानें काढल्यासारखें मोठें पडतें, पण नळी नाभ्यंतराहून आंखूड राहते. अंतर्गोल कांचेचा हा उपयोग गॅलिलिओच्या दुर्बिणींतही आहे. छायाचित्रासाठीं तो प्रत्यक्षांत आला १८९१ सालीं, आणि मौज अशी कीं एकाच वर्षीं तीन ठिकाणीं: लंडनमध्यें डालमायर, बर्लिनमध्यें मीठे व म्यूनिकमध्यें श्टाइनहाइल. डालमायरनें १८९९ मध्यें या विषयावर स्वतंत्र ग्रंथही लिहिला. आरंभींच्या या भिंगांत दोन समूहांतील अंतर बदलून चित्र लहान-मोठें करीत. परंतु चित्र जितके पट वाढवावें त्याच्या वर्गाच्या प्रमाणांत प्रकाश कमी होई. १९०५ मध्यें जर्मनीच्या बुश कारखान्यानें ‘बिस-टेलार’ हें ठराविक नाभ्यंतराचें टेलिफोटो भिंग काढलें, तेव्हांपासून हातांत घेऊन वापरण्याजोगीं भिंगें होऊं लागलीं.

ही तारीख आपल्या विषयाच्या इतिहासांत महत्त्वाची आहे, कारण कान्हेरीच्या लेखांवरील मूळ काम तिच्या आधींचें आहे. मुंबईंत छायाचित्रणाची संस्था १८५४ मध्येंच निघाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु नारायण दाजी हे तिच्या आरंभींच्या हिंदी सभासदांपैकीं एक नामांकित छायाचित्रकार होते. म्हणजे कॅमेरा होता, जाणते होते, लेणीं तर होतींच. नव्हतें तें लांबून वाचणारें भिंग. म्हणून वेस्ट बंधूंनीं कान्हेरीचे लेख डोळ्यांनीं पाहून हातानें उतरविले, आणि १८८१ मध्यें बर्जेस व पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं पश्चिम हिंदुस्थानच्या लेण्यांतील लेख छापले, तेव्हां ठसे आणि हातनकला यांवरच भिस्त होती. १९९१ सालीं डॉ. शोभना गोखले यांचा कान्हेरीच्या लेखांवरील ग्रंथ निघाला. तो हाताशीं ठेवल्याखेरीज कोणीं डोंगर चढूं नये. हातनकलेस आम्ही कमी लेखीत नाहीं. १८३९ मध्यें डॉ. बर्ड यांनीं चैत्यासमोरील स्तूप उघडला, त्यांत तांब्याचे करंडे व त्रैकूटकांच्या राज्यांतील संवत् २४५ चा ताम्रपट निघाला. तो ताम्रपट आज हातीं नाहीं, आणि त्याचें वाचन केवळ छापलेल्या प्रतिकृतीवर टिकून आहे. ताम्रपट हरवतो, तसा शिलालेखही हरवतो. फरक इतकाच कीं तो जागच्या जागीं, पावसापावसानें हरवतो.

आतां भिंगांच्या संग्रहाविषयीं. हस्तलिखितें जमविणारास हें काम परकें वाटणार नाहीं. पोथीची पुष्पिका तसें भिंगाच्या पुढील कड्यावरील कोरीव नांव. त्यावर कारखाना, नाभ्यंतर, छिद्राचें प्रमाण व अनुक्रमांक असतो आणि त्यावरून काल ठरवितां येतो. कांचेवरील परावर्तन कमी करणारा लेप येना येथील त्साइस कारखान्यांत स्माकुला यांनीं १९३५ मध्यें शोधला. लेप असलेल्या तेथील भिंगांवर पुढें कांहीं वर्षें लाल ‘टी’ कोरीत. ती खूण दिसली कीं कालाची एक मर्यादा हातीं आली. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीचे दोन भाग झाले आणि त्साइस नांवाबद्दल पूर्व-पश्चिमेंत तंटा लागला. त्यामुळें पश्चिमेस धाडावयाच्या भिंगांवर पूर्वेकडील कारखाना संपूर्ण नांव न घालतां ‘आउस येना’ एवढेंच घाली, आणि ‘सोनार’च्या जागीं नुसता ‘एस’. राजकारण पुष्पिकेंत उतरावें हें पोथ्यांतही आपण पाहतोंच. रशियन भिंगांच्या अनुक्रमांकाचे पहिले दोन अंक बहुधा निर्मितीचें साल सांगतात, ही त्यांची मोठीच सोय.

मूळ प्रत व तिची नक्कल हा भेदही येथें आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकसाठीं त्साइसनें काढलेलें १८० मिलिमीटरांचें सोनार भिंग ‘ऑलिंपिया सोनार’ म्हणून प्रसिद्ध आहे, आणि त्याला मागणी इतकी कीं आमच्यासारख्या पेन्शनरानें त्याचें नांव घेऊं नये. परंतु त्याच रचनेवरून रशियांत ‘ज्युपिटर-६’ तयार झालें, आणि १३५ मिलिमीटरांच्या सोनारवरून ‘ज्युपिटर-११’. हें दुसरें आमच्यापाशीं आहे. नक्कल म्हणून त्यास हिणविणें आम्हांस मान्य नाहीं. मूळ प्रत दुर्लभ असतां चांगल्या लेखकाची नक्कल संपादकास जशी चालते तसेंच हें. खोटें मात्र निराळें: रशियन भिंगावर जर्मन नांव कोरून दुप्पट-चौपट दाम उकळणारे लोक आहेत. कोरलेल्या अक्षरांची घडण, आंकड्यांची उंची व रंग भरण्याची पद्धत न्याहाळल्यास लबाडी उघडी पडते, आणि लिपीच्या अभ्यासकाची नजर या कामीं सराईत व्यापाऱ्याहून सरस ठरते.

आमचीं बहुतेक भिंगें चोरबाजारांतून व फोर्टांतील बोरा बाजारच्या कॅमेऱ्यांच्या दुकानांतून आलेलीं आहेत. घेतांना भिंगांतून उजेडाकडे पाहावें. कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. मुंबईच्या पावसाळ्यांत तिच्यापासून एकही भिंग आपोआप वांचत नाहीं. दोन कांचा जोडणारा बाल्सम सुटला असल्यास इंद्रधनुष्यासारखें वलय दिसतें. पहिली व्याधि आरंभीं पुसतां येते, दुसरीसाठीं कुशल कारागीर हवा आणि तो निवडून घ्यावा: आमचें एक भिंग एका दुरुस्ती करणाऱ्यानें इतकें घासून दिलें कीं बुरशीबरोबर लेपही गेला. पावसाळ्यांत आम्ही भिंगें घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलसह ठेवतों व कोरड्या दिवसांत, पोथ्यांप्रमाणें, त्यांस ऊन दाखवितों. कांचेच्या कपाटांत मांडून ठेवणारांचीं भिंगें आम्हीं अधिक लवकर बिघडलेलीं पाहिलीं आहेत.

जुनें भिंग नव्या कॅमेऱ्यास बसतें कसें, असें पुष्कळ लोक विचारतात. प्रत्येक भिंगास आपल्या बैठकीपासून चित्र पडण्याच्या पातळीपर्यंत ठराविक अंतर लागतें. ४२ मिलिमीटरांच्या आट्याच्या भिंगांस तें ४५.४६ मिलिमीटर लागतें. आजच्या आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत तें अंतर १६ ते २० मिलिमीटर असल्यामुळें मधें पोकळ कडें घालून भरून काढतां येतें. उलट निकॉनच्या आरशाच्या कॅमेऱ्यांत तें ४६.५ म्हणजे मुळांतच जास्त आहे. तेथें कडें घातलें तर दूरचें कांहींच स्पष्ट होत नाहीं. ही एक मिलिमीटरभर अडचण न समजल्यामुळें चांगलीं भिंगें निकामी ठरवून विकलीं जातात, आणि आमच्यासारख्यांस स्वस्तांत मिळतात.

कान्हेरीस प्रत्यक्ष काम करतांना मुख्य अडचण तिवईची आहे. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत ती लावावयास आगाऊ परवानगी काढावी लागते. नसल्यास वाळूची पिशवी पायरीवर किंवा कट्ट्यावर टेकून तिच्यावर भिंग ठेवावें. (रशियन ‘फोटोस्नायपर’ संचांत ३०० मिलिमीटरांचें ‘ताइर’ भिंग बंदुकीसारख्या दस्त्यावर येतें आणि हात स्थिर ठेवण्यास तें उत्तम; परंतु राष्ट्रीय उद्यानांत बंदुकीच्या आकाराची वस्तु खांद्यास लावून झाडींत उभें राहण्याचा सल्ला आम्ही कोणासही देणार नाहीं.) तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्याचा, म्हणजे मोठ्या चैत्याचा, दर्शनी भाग पश्चिमेस आहे, यामुळें ऊन दुपारनंतर येतें आणि सायंकाळकडे तें समोरून पडूं लागतें. समोरचें ऊन वाचनास निरुपयोगी. ज्या वेळीं तें भिंतीला घासून जातें तेवढीच वेळ साधावी, आणि तिरीप उलट बाजूनें आली कीं त्याच जागेवरून पुन्हां चित्र घ्यावें. छिन्नीनें खोदलेल्या रेघेची प्रकाशाकडील कड काळी व पलीकडील उजळ दिसते. प्रकाशाची दिशा बदलली कीं काळ्याची उजळ होते. पाण्याचा डाग दोन्ही चित्रांत जशाचा तसा राहतो. चीर मात्र रेघेसारखीच पालटते, परंतु अक्षर संपलें तरी ती थांबत नाहीं. भोंवतालचा हातभर दगड चित्रांत घेण्याचें कारण हेंच. सभागृहांतील खांबांच्या माथ्यावर स्तूपास व बोधिवृक्षास जलाभिषेक करणारे हत्ती आहेत, तेथें उजेड इतका थोडा कीं दोन-तीन सेकंद भिंग उघडें ठेवावें लागतें. नव्वदाव्या लेण्यांतील इ. स. १००९ व १०२१ चे पहलवी लेख मात्र हाताच्या अंतरावर आहेत. त्यांस लांब भिंग नको, बाजूनें धरलेला दिवा पुरे.

जुन्या भिंगाचे दोष चित्रासोबत नोंदले पाहिजेत. लेप नसलेलें भिंग उजळ आकाश समोर आल्यास सावल्या फिक्या करतें. त्याच्या तोंडास काळ्या कागदाची नळी लावावी. टेलिफोटोच्या कडेस सरळ रेघा आंतल्या बाजूस वळतात, म्हणून लेख चित्राच्या मध्यभागीं ठेवावा आणि लांब ओळ असल्यास तुकड्यांनीं घ्यावी. भिंगाचें नांव व अनुक्रमांक, छिद्र, अंतर, तारीख, घटका आणि लेण्याचा क्रमांक हीं चित्राच्या मागें लिहून ठेवावींत. लेण्यांचे क्रमांक निरनिराळ्या अभ्यासकांनीं निरनिराळे धरले असल्यामुळें कोणाचा क्रमांक धरला हेंही लिहावें.

आमच्या हातीं सध्यां कोंडिवट्याचें काम आहे. तेथील नवव्या लेण्यांत स्तूपाभोंवतीं गोल भिंत असून तिला दगडी जाळीच्या खिडक्या आहेत, आणि खिडकीच्या वर गौतम गोत्राच्या एका ब्राह्मणानें भावासह विहार दान दिल्याचा प्राकृत लेख आहे. वैदिक गोत्राच्या मनुष्यानें बौद्ध संघास दिलेलें हें दान असल्यानें त्यांतील प्रत्येक अक्षर मोलाचें. आंत मागें सरण्यास जागा थोडी असल्यामुळें तेथें ३०० मिलिमीटर चालत नाहीं, १३५ चें ज्युपिटर पुरतें. सकाळच्या उजेडांतील चित्रें झालीं आहेत. दुपारचीं पावसाळा सरल्यावर घ्यावयाचीं आहेत.