वाटेत मोटार थांबली तर

महाराष्ट्रातील रस्त्यांचे स्वरूप गेल्या पंचवीस वर्षांत पालटून गेले आहे. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा आणि जून २०२५ मध्ये इगतपुरीपासून पुढचा अखेरचा टप्पा वाहतुकीस खुला झाला. ७०१ किलोमीटर लांबीचा हा मार्ग विदर्भातील प्रवाशाला एका दिवसात मुंबईपर्यंत आणून पोचवतो. रस्ते बदलले, मोटारी बदलल्या. परंतु वाटेत मोटार बंद पडली अथवा चाकातील हवा गेली म्हणजे काय करावयाचे, याविषयीच्या आपल्या सवयी मात्र जुन्या रस्त्यांवरच्याच राहिल्या आहेत.

जुन्या रस्त्यावर पंक्चर म्हणजे तासाभराचा खोळंबा, एवढाच त्याचा अर्थ असे. मंडळी वडाच्या सावलीत बसत, चालक स्टेपनी काढी, जाणारा-येणारा थांबून विचारपूस करी. आज ताशी शंभर किलोमीटर वेगाने धावणारी मोटार एका सेकंदात सुमारे अठ्ठावीस मीटर अंतर कापते. अशा मार्गावर उभ्या असलेल्या मोटारीला खरा धोका तिच्या नादुरुस्तीचा नसतो. तो मागून येणाऱ्या वाहनाचा असतो. केंद्र शासनाच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या, आणि त्या वर्षीच्या एकूण अपघातांपैकी एक पंचमांशाहून अधिक अपघात मागून आदळल्याने घडले. म्हणूनच मोटार थांबली की चाकाचा विचार नंतर, जागेचा आणि माणसांचा विचार आधी, हा क्रम चालकाने मनात पक्का करावयास हवा.

टायर फुटल्यावर पहिली काही क्षणे

चालत्या मोटारीचा टायर अचानक फुटला तर पाय आपोआप ब्रेककडे जातो. हीच प्रतिक्रिया घातक ठरते. फुटलेल्या चाकाच्या बाजूला मोटार आधीच ओढली जात असते. त्यातच जोराचा ब्रेक लागला की ती फिरते किंवा उलटते. अशा वेळी सुकाणूचक्र दोन्ही हातांनी घट्ट धरून मोटार सरळ रेषेत ठेवावी, अॅक्सिलरेटरवरील पाय हळूहळू उचलावा आणि वेग आपोआप कमी होऊ द्यावा. मोटार ताब्यात आल्यानंतरच हलके ब्रेक लावून डाव्या कडेला घ्यावी.

चाकातील हवा सावकाश गेली असेल तर चालकाला थोडा अवधी मिळतो. त्याचा उपयोग योग्य जागा शोधण्यासाठी करावा. पुष्कळ चालक टायर खराब होईल या काळजीने मोटार आहे तेथेच, कधी वळणावर, कधी पुलावर, तर कधी चढाच्या माथ्यापलीकडे उभी करतात. बसलेल्या चाकावर दोनतीनशे मीटर अगदी सावकाश गेल्याने टायर वाया जाईल, क्वचित रिमही वाकेल. ही हानी पैशाने भरून येणारी आहे. सरळ, सपाट आणि दोन्ही दिशांनी दुरून दिसणारी जागा मिळेपर्यंत, चारही इंडिकेटर एकाच वेळी लावून, मोटार पुढे नेणेच शहाणपणाचे होय. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२२ अन्वये इतरांना धोका वा अडथळा होईल अशा रीतीने सार्वजनिक जागी वाहन उभे ठेवण्यास मनाई आहे, हेही येथे सांगावयास हवे.

त्रिकोण कोठे ठेवावा?

लाल परावर्तक त्रिकोण बहुतेक मोटारींत असतो, मात्र तो डिकीच्या तळाशी सामानाखाली दडलेला असतो. जेथे काढला जातो तेथेही तो बहुधा मोटारीला टेकून ठेवलेला आढळतो. त्याचा उपयोग काय? ताशी शंभर किलोमीटर वेगातील चालकाला अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सुमारे दीड सेकंद लागतो. तेवढ्यात त्याची मोटार चाळीस मीटरहून अधिक पुढे आलेली असते. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर आणि चांगल्या टायरांवर थांबण्यासाठी आणखी पन्नास-साठ मीटर लागतात. पावसात किंवा भरलेल्या मालमोटारीच्या बाबतीत हे अंतर पुष्कळच वाढते. तेव्हा साध्या रस्त्यावर त्रिकोण निदान पन्नास मीटर मागे आणि वेगवान मार्गावर शंभर मीटरांहून अधिक मागे ठेवावा. एक पाऊल पाऊण मीटरचे धरले तर ही अनुक्रमे सुमारे सत्तर व एकशेचाळीस पावले होतात. घाटात मोटार वळणापलीकडे बंद पडली असेल तर मीटरांचा हिशेब सोडून द्यावा आणि त्रिकोण वळणाच्या अलीकडे, येणाऱ्याला तो वळण्यापूर्वीच दिसेल असा ठेवावा. तो ठेवण्यास जाणाऱ्याने रस्त्यावरून न चालता कडेच्या मातीवरून, येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून आणि त्रिकोण छातीसमोर धरून जावे. वाहने इतक्या वेगाने व दाटीने येत असतील की मागे जाणेच धोक्याचे वाटावे, तर त्रिकोणाचा हट्ट धरू नये.

आपल्याकडे त्रिकोणाऐवजी दगड आणि झाडाच्या फांद्या रस्त्यावर मांडण्याची प्रथा आहे. मालमोटारींचे चालक व क्लीनर ती निष्ठेने पाळतात. दिवसा तिचा काही उपयोग होतोही. परंतु दुरुस्ती आटोपून मालमोटार निघून जाते आणि दगड मात्र तेथेच राहतात. रात्री मोटारसायकलवरून घरी परतणाऱ्या एखाद्या शेतकऱ्याला किंवा दूधवाल्याला ते दिसत नाहीत. दुसऱ्याला सावध करण्यासाठी मांडलेला दगड तिसऱ्याचा जीव घेतो, याहून मोठा विपर्यास कोणता? दगड मांडावेच लागले तर निघताना ते उचलणे हा दुरुस्तीचाच भाग समजला पाहिजे.

माणसे कोठे उभी राहावीत?

मोटार थांबली की सर्व प्रवाशांनी डाव्या बाजूच्या दारांनी उतरून रस्त्यापासून दूर व्हावे. कडेला लोखंडी कठडा असेल आणि त्यापलीकडे सपाट जमीन असेल तर कठड्यापलीकडे उभे राहावे. घाटात मात्र कठडा ओलांडण्याचे साहस करू नये. तेथे पलीकडे दरी असते. उभे राहावयाचे ते मोटारीच्या पुढे नव्हे, तर कडेला आणि काहीसे मागच्या बाजूस. कारण मागून धक्का बसल्यास मोटार पुढे फेकली जाते. मोटारीच्या अगदी पाठीशी उभे राहणेही वाईट. त्याने तिचे मागील दिवे झाकले जातात. सहा पदरी मार्गाच्या मधल्या पट्ट्यात मोटार बंद पडली आणि उतरून कडेला जाणे शक्यच नसेल, तर पट्टे बांधून आतच बसावे, चारही इंडिकेटर चालू ठेवावेत आणि तत्काळ मदत मागवावी.

शाळेच्या सहली काढणाऱ्या शिक्षकांनी याचा विशेष विचार करावा. बस थांबली की मुले खाली उतरून रस्ता ओलांडतात, पलीकडचा ओढा पाहावयास धावतात. एका शिक्षकाने मुलांना सुरक्षित जागी ओळीने बसवून हजेरी घ्यावी आणि दुसऱ्याने चालकाबरोबर इशाऱ्याची व्यवस्था पाहावी, अशी वाटणी निघण्यापूर्वीच ठरलेली असावी.

चाक बदलताना

द्रुतगती मार्गावर वाहतुकीच्या बाजूचे, म्हणजे उजवे चाक स्वतः बदलण्याचे टाळावे, गस्तीपथकाला बोलवावे. इतरत्र जागा सुरक्षित असेल तर चाक बदलणे हे कोणाही प्रौढ व्यक्तीला जमण्यासारखे काम आहे. हँडब्रेक लावून मोटार पहिल्या गियरमध्ये ठेवावी व बदलावयाच्या चाकाच्या तिरप्या कोपऱ्यातील चाकाला दगड लावावा. नट सैल करावयाचे ते चाक जमिनीवर असतानाच. मोटार जॅकवर उचलल्यानंतर पान्यावर जोर दिला तर ती घसरते. जॅक मोटारीच्या पुस्तिकेत दाखविलेल्या जागीच लावावा. मराठवाडा-विदर्भातील काळ्या जमिनीत पावसाळ्यात जॅक सरळ आत रुततो. त्यासाठी लाकडी फळीचा एक तुकडा नेहमी डिकीत असू द्यावा. काढलेले किंवा लावावयाचे चाक मोटारीखाली आडवे सरकवून ठेवले तर जॅक निसटला तरी मोटार त्यावर टेकते. शरीराचा कोणताही भाग मोटारीखाली घालू नये. नवे चाक बसविल्यावर नट एकाआड एक, समोरासमोरचे असे आवळावेत, आणि पन्नास-एक किलोमीटर गेल्यावर ते पुन्हा तपासावेत.

जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे ‘स्टेपनी’ हा आपल्या गॅरेजवाल्यांच्या तोंडी रुळलेला शब्द वेल्समधील लानेली गावाच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आलेला आहे. तेथील डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये, पंक्चर झालेल्या चाकालाच बाहेरून अडकविता येईल असे जादा चाक बाजारात आणले होते. हल्लीच्या काही मोटारींतील स्टेपनी लहान आकाराची व तात्पुरत्या वापराची असते. तिच्यावर छापलेली वेगमर्यादा, बहुधा ताशी ८० किलोमीटर, पाळावी. २०२० मधील नियमबदलानुसार, टायरमधील दाबाची सूचना देणारी यंत्रणा व दुरुस्तीसंच असल्यास मोटार स्टेपनीशिवायही विकता येते. आपल्या मोटारीत स्टेपनी आहे की नाही, हे प्रवासास निघण्यापूर्वीच पाहिलेले बरे. सरकारी वाहनांच्या लॉगबुकात किलोमीटर व इंधन यांच्या नोंदी काटेकोर असतात. स्टेपनीतील हवेला मात्र सहसा कोणत्याच रकान्यात जागा नसते!

उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा कमी ठेवावी, असा एक समज फार रूढ आहे. तो चुकीचा आहे. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला अधिक दबतो, त्या दबण्याने तापतो आणि लांब पल्ल्याच्या वेगवान प्रवासात तोच आधी फुटतो. मोटारीच्या दाराजवळील पट्टीवर लिहिलेला दाब टायर थंड असताना भरून घ्यावा. टायरवरील नक्षीची खोली १.६ मिलिमीटरहून कमी झाली की नियमानुसार तो टायर चारचाकी वाहनास चालत नाही. टायरच्या कडेवरील शेवटचे चार आकडे त्याच्या निर्मितीचा आठवडा व वर्ष सांगतात; उदाहरणार्थ, २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. नायट्रोजन भरल्याने सर्व चिंता मिटतात असे सांगणारेही भेटतात. आपल्या साध्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन मुळातच असतो.

घाट, वाफ आणि पाणी

घाटातील बहुतेक संकटे ब्रेक तापल्याने उद्भवतात. ज्या गियरमध्ये घाट चढावा लागला असता त्याच गियरमध्ये तो उतरावा, हा जुन्या एस. टी. चालकांचा नियम आजही तितकाच खरा आहे. इंधन वाचविण्यासाठी न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून उतरणे म्हणजे इंजिनाचा रोध आणि ब्रेकला मिळणारे साहाय्य, दोन्ही गमावणे होय. ब्रेक लागेनासा झाला तर पेडल भराभर दाबून पाहावे, क्रमाने खालचे गियर टाकावेत, हँडब्रेक एकदम न ओढता थोडा थोडा ओढावा आणि डोंगराच्या बाजूचा आधार घ्यावा. किल्ली काढू नये. काढल्यास सुकाणू अडकण्याचा संभव असतो.

चढावर इंजिन तापून बॉनेटमधून वाफ येऊ लागली तर मोटार कडेला घेऊन इंजिन बंद करावे व किमान अर्धा तास थांबावे. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये. आतील पाणी दाबाखाली शंभर अंशांहून अधिक तापलेले असते व झाकण सुटताच ते चेहऱ्यावर उसळते. वाफेऐवजी धूर अथवा जळका वास येत असेल तर बॉनेट उघडून पाहण्याच्या मोहात न पडता सर्वांनी लगेच दूर व्हावे.

पुलावरून पाणी वाहत असेल तर मोटार अलीकडेच थांबवावी. पाण्यात इंजिन बंद पडल्यास ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. आत पाणी शिरलेले इंजिन त्या एका प्रयत्नाने कायमचे निकामी होऊ शकते.

मदत मागणे आणि मदत करणे

संकटकाळी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि राष्ट्रीय महामार्गावर असल्यास १०३३ हे क्रमांक उपयोगी पडतात. दूरध्वनी करताना रस्त्याचे नाव, कोणत्या दिशेची बाजू आणि जवळच्या किलोमीटरच्या दगडावरील आकडा सांगावा. ‘घाटात, मोठ्या झाडापाशी’ एवढ्या माहितीवर कोणतेही पथक पोचू शकत नाही.

अपघातग्रस्ताला हात लावला तर पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल, ही भीती गावोगाव अजून आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांच्या संरक्षणासाठीची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात कलम १३४-अ घालण्यात आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी दायित्व येत नाही, आणि त्याच्या इच्छेविरुद्ध त्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. ही माहिती ग्रामसभेत एकदा वाचून दाखविली तरी पुष्कळ काम होईल.

महामार्गालगतच्या ग्रामपंचायतींना यात खर्चाशिवाय करता येण्याजोगे बरेच आहे. रात्री मिळू शकणारा पंक्चरवाला, ट्रॅक्टर असलेले दोन शेतकरी आणि जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र यांचे क्रमांक पंचायतीच्या व रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीच्या भिंतीवर ठळक रंगवून घ्यावेत. गावच्या हद्दीत वळणावर अथवा पुलाजवळ वाहने वारंवार बंद पडत असतील तर ती जागा सार्वजनिक बांधकाम विभागास लेखी कळवावी. आणि सकाळी फेरी मारणाऱ्या पंचायतीच्या कर्मचाऱ्याला, आदल्या रात्री कोणी मांडून गेलेले दगड दिसताच बाजूला करावयास सांगावे.