बाळ एसएनसीयूमध्ये आहे? आई-बाबांनी हे माहीत करून घ्या

महाडजवळच्या सव गावात बाळ वेळेआधी जन्मलं, तर त्याला शंभरेक किलोमीटरवर अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात न्यावं लागू शकतं. नवजात बाळांचा विशेष कक्ष, म्हणजे एसएनसीयू, तिथे आहे.

खर्च किती? २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात आजारी बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या आणि ने-आण मोफत.

आई-बाबांनी काय करायचं? दर दोन-तीन तासांनी आईचं दूध काढून द्यायचं. सुरुवातीला थेंबभरच आलं, तरी आईला बोल लावू नका. डॉक्टरांना विचारून बाळाला उघड्या छातीशी धरा. हीच कांगारू केअर. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांसाठी जागतिक आरोग्य संघटना ती रोज ८ ते २४ तास द्यायला सांगते. आई थकली, तर बाबांची छातीही तितकीच उबदार असते.