पद मोडले म्हणजे चाकराचे काय होते?

सरकारने एखादे खाते मोडले म्हणजे त्यातील नोकरांचे काय होते, हा प्रश्न शेतकऱ्यास परका वाटण्याचे कारण नाही. आमच्या खेड्यांतच ही गोष्ट घडून गेली आहे.

पिढीजाद कुळकर्णी हा गावचा दप्तरदार. १८७४ च्या वतन कायद्याने त्याचा हक्क बांधलेला असून चाकरीबद्दल त्याजकडे वतनी जमीन असे. पुष्कळ गावी पगारी तलाठी आधीच आले होते; तरी वतन उरले होते. मुंबई राज्याच्या १९५० च्या कायद्याने तेही १ मे १९५१ पासून गेले व जमीन सरकारजमा झाली. येथे वाचकांनी नीट लक्ष द्यावे. पूर्ण आकाराच्या बारापट कब्जेहक्काची रक्कम पाच वर्षांत भरणारास तीच जमीन परत मिळे. आकार दहा रुपये असल्यास एकशे वीस रुपये. न भरणारा अनधिकृत कब्जेदार ठरून जमिनीवरून काढला जाण्यास पात्र होई. म्हणजे पद गेल्याचे दुःख करीत बसणाराची जमीनही जाण्याचा संभव होता! परत मिळालेली जमीन कलेक्टरच्या मंजुरीवाचून विकता किंवा वाटता येत नसे. पुढे २००२ साली शेतीकरिता होणाऱ्या विक्रीपुरती ही अट सैल झाली. तथापि अशी जमीन घेणाराने परत दिल्याचा हुकूम व फेरफार पाहिल्यावाचून इसार देऊ नये, असे आम्हांस वाटते.

कनिष्ठ गावकामगारांची वतने १ ऑगस्ट १९५९ रोजी व मुलकी पाटिलकी १ जानेवारी १९६३ रोजी संपली. सर्वांनीच शोक केला असे मात्र नव्हे. महारवतनात मानापेक्षा राबणूकच अधिक; त्या कायद्यात दुरुस्ती व्हावी म्हणून डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्येच मुंबई कायदे कौन्सिलात बिल आणले होते.

पगारी नोकराची गोष्ट निराळी. राज्यघटनेच्या ३११ व्या कलमान्वये त्यास त्याचे म्हणणे ऐकल्यावाचून बडतर्फ करिता येत नाही. परंतु पदच रद्द होणे म्हणजे बडतर्फी नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या दक्षता आयोगासंबंधीच्या खटल्यात १९७३ मध्ये दिला. तामिळनाडूने १९८० साली अर्धवेळ ग्रामाधिकाऱ्यांची पदे मोडून पूर्णवेळ अधिकारी नेमले; तेही १९८२ मध्ये न्यायालयाने मान्य केले. निर्णय प्रामाणिक हेतूचा असावा, अमुक एकास घालविण्याची ती युक्ती नसावी, एवढीच अट. मध्यवर्ती सरकारात जादा ठरलेल्या नोकरास प्रथम अन्यत्र जागा पाहतात. कायम पद मोडून तोलाची जागा न मिळाल्यास नुकसानभरपाईचे निवृत्तिवेतन मागता येते. ज्यांचा मुलगा कचेरीत आहे, त्यांनी त्याची नेमणूक कायम आहे की तात्पुरती, हे आजच विचारून ठेवावे.