पेशव्यांच्याच मुलखाच्या पैशातून उभी राहिली आणि त्यांच्यावरच उलटली : 'पूना हॉर्स'ची गोष्ट

सानपाड्याला हायवेवर उभं राहिलं की 'पुणे, पुणे' अशी आरोळी कानावर पडतेच. पण पुण्याचं नाव भारतीय लष्कराच्या एका रणगाडा रेजिमेंटलाही आहे, हे किती जणांना माहितीये? तिचं नाव १७ हॉर्स, म्हणजेच पूना हॉर्स.

सुरुवात झाली १८१७ साली. जूनमध्ये इंग्रजांनी दुसऱ्या बाजीरावाला पुण्याचा तह करायला भाग पाडलं. त्यात पेशव्यांनी मुलूख तोडून द्यायचा आणि त्याच्या उत्पन्नातून इंग्रजांनी ५ हजार घोडदळ आणि ३ हजार पायदळ पोसायचं, असं ठरलं. या घोडदळाचं नाव पूना ऑक्झिलरी हॉर्स.

थोडक्यात, खर्च पेशव्यांचा आणि हुकूम इंग्रजांचा. वर्षही उलटलं नाही, तोच १ जानेवारी १८१८ ला भीमेकाठच्या कोरेगावात हेच स्वार पेशव्यांच्या फौजेसमोर उभे होते. कोरेगाव म्हटलं की आपल्याला आठवतात ते पायदळातले महार सैनिक. त्यांच्यासोबत लेफ्टनंट स्वानस्टनच्या हाताखाली सुमारे ३०० घोडेस्वारही होते, हे सहसा कुणी सांगत नाही.

पेशवाई बुडाली, पण पलटण आणि तिचं नाव दोन्ही टिकलं. १८५७ च्या फेब्रुवारीत इराणात खुशाबच्या लढाईत या स्वारांनी शत्रूचं निशाण हिसकावून आणलं. त्याच्या टोकाला चांदीचा हात होता. पहिल्या महायुद्धात तर हे घोडेस्वार फ्रान्समध्ये घोड्यावरून उतरून चिखलाच्या खंदकात लढले. पुढे १९२१ मध्ये दोन पलटणी एकत्र करून आजची रेजिमेंट बनली. मग घोडे गेले, रणगाडे आले. नावातला 'हॉर्स' तेवढा राहिला.

खरी परीक्षा स्वातंत्र्यानंतर झाली. १९६५ मध्ये सियालकोट भागात फिल्लोऱ्याच्या लढाईत कमांडिंग ऑफिसर होते लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर, जन्माने मुंबईकर. जखमी होऊनही त्यांनी मागे जायला नकार दिला. त्यांच्या परमवीर चक्राच्या मानपत्रात शत्रूचे सुमारे ६० रणगाडे उद्ध्वस्त केल्याची नोंद आहे. आपले गेले ९. त्यानंतर १६ सप्टेंबरला ते धारातीर्थी पडले. पारशी असूनही 'मला इथेच रणांगणावर अग्नी द्या' असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

सहा वर्षांनी, १६ डिसेंबर १९७१ ला, बसंतर नदीपलीकडे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल लढत होते. वय २१, लष्करात येऊन जेमतेम सहा महिने झालेले. रणगाडा पेटला, बाहेर पडायचा हुकूम आला. पण तोफ चालू होती, म्हणून ते उतरले नाहीत. त्यांनाही मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं.

आजवर रणगाडा दलाला दोनच परमवीर चक्रं मिळालीत. दोन्ही पूना हॉर्सची.

आणि खेत्रपालांचा जन्म? तो पुण्यातच झालेला. त्यांचा 'फामागुस्ता' हा रणगाडा तिथून फार लांब नाही. तो अहिल्यानगरला, रणगाडा दलाच्या प्रशिक्षण केंद्रात जपून ठेवलाय.