विश्लेषण : बीमला लावलेली कार्बनची पट्टी तुटत नाही, सुटते… असे का?

जुन्या पुलाचा किंवा इमारतीचा बीम न पाडता त्याची ताकद वाढवायची असेल, तर खालच्या बाजूला कार्बन तंतूंची पातळ पट्टी एपॉक्सीने चिकटवतात. पट्टीची ताणशक्ती सळईच्या कितीतरी पट असते. तरीही असे बीम बहुतेकदा निकामी होतात ते पट्टी सुटल्यामुळे.

सुरुवात कुठे झाली?
स्वित्झर्लंडमधील ल्युसर्न येथील ईबाख पुलावर सिग्नलसाठी ड्रिलिंग करताना आतल्या प्रीस्ट्रेस केबलला इजा झाली. १९९१ मध्ये तो पूल कार्बनच्या पट्ट्यांनी सावरला गेला. १७५ किलो पोलादाचे काम ६.२ किलो कार्बन पट्ट्यांनी केले!

पट्टी सुटते कशी?
एपॉक्सी सहसा काँक्रीटपेक्षा मजबूत असते. त्यामुळे फुटतो तो एपॉक्सीलगतचा काँक्रीटचा पातळ थर. बीम वाकला की मधले तडे रुंदावतात, तिथे ताण एकवटतो आणि पट्टी टोकाकडे उकलत जाते. काही वेळा सुरुवात टोकापासून होते. तडा सळईपर्यंत पोहोचतो आणि सळईखालचे काँक्रीट पट्टीसकट निखळते. दोन्ही प्रकारांत फारशी पूर्वसूचना मिळत नाही.

मग जास्त थर लावले तर?
फायदा होतो, पण दुप्पट नाही. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या सूत्राप्रमाणे पट्टीची जाडी दुप्पट केली, तरी सुटण्याआधी ती पेलू शकणारा भार साधारण १.४ पटच होतो. एम २५ च्या आसपासच्या काँक्रीटवर १.२ मिमीची नेहमीची पट्टी आपल्या ताणक्षमतेच्या जेमतेम पाव हिश्श्यापर्यंतच वापरता येते.

सोसायटीने काय तपासावे?
• गंजलेल्या सळईची दुरुस्ती आधी झाली का? गंज फुगला की वरचे काँक्रीट पट्टीसह सुटते.
• पृष्ठभाग घासून धूळ काढली का?
• पुल-ऑफ चाचणी झाली का? किमान १.४ मेगापास्कल ताण सहन व्हावा आणि तुकडा काँक्रीटमधूनच निघावा.
• पट्टीच्या टोकांना ‘यू’ आकाराचे आवरण आहे का?
• हातोडीने हलके ठोकल्यावर पोकळ आवाज येतो का?

आगीचे काय?
साधारण ६० ते ८० अंश सेल्सिअसला एपॉक्सी मऊ पडू लागते. म्हणूनच पट्टी निकामी झाली तरी मूळ बीमने रोजचा भार पेलला पाहिजे, असा नियम आहे. जो बीम तेवढाही भार पेलू शकत नाही, त्याला नुसती पट्टी लावून भागत नाही.