फ्लॅटमध्ये ट्रम्पेटचा रियाज करायचाय? मग प्रॅक्टिस म्यूट घेण्याआधी हे वाचाच

घरात कोणी गिटार शिकत असेल तर शेजारी सहन करतात. बासरी शिकत असेल तर कौतुकही करतात. पण बिल्डिंगमध्ये कोणी ट्रम्पेट आणलं की चार दिवसांत सोसायटीचे सेक्रेटरी दारात उभे राहतात.

यात शेजाऱ्यांना दोष देता येत नाही. लांबवर ऐकू जाणं हाच ट्रम्पेटचा स्वभाव आहे. वरातीत ताशांच्या गजरातही गाण्याची चाल स्पष्ट ऐकू येते, कारण ती ट्रम्पेटवर वाजत असते. जवळून मोजलं तर या वाद्याचा आवाज १०० डेसिबलपर्यंत सहज जातो.

बरं, आवाज मोठा म्हणून रियाज बंद ठेवावा, तर तेही जमत नाही. ट्रम्पेटमध्ये सूर तयार होतो तो ओठांच्या थरथरण्यातून. ओठांभोवतीचे स्नायू रोज कामाला लागले नाहीत तर ताकद उतरते. आठवडाभर वाद्य पेटीत राहिलं की वरचे सूर लागत नाहीत आणि दहा मिनिटांत ओठ थकतात. त्यामुळे नोकरी किंवा कॉलेज करून रात्री घरी येणाऱ्याचं शिकणं बरेचदा इथेच थांबतं.

कायदाही लक्षात ठेवावा लागतो. ध्वनी प्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. खासगी जागेत वाजवलेल्या वाद्याचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये, असंही हे नियम सांगतात.

यावरचा उपाय म्हणजे प्रॅक्टिस म्यूट. पण दुकानात किंवा ऑनलाइन शोधायला गेलं की डझनभर प्रकार समोर येतात आणि चुकीचा म्यूट घरी येतो. म्हणून आधी हा प्रकार नक्की काय आहे ते बघू.

प्रत्येक म्यूट आवाज कमी करण्यासाठी नसतो

म्यूट म्हणजे ट्रम्पेटच्या पुढच्या फुलासारख्या तोंडात, म्हणजे बेलमध्ये, बसवायचं बूच. ही कल्पना बरीच जुनी आहे. इटालियन संगीतकार मोंतेव्हेर्दी यांच्या १६०७ सालच्या 'ऑर्फेओ' या ऑपेराच्या सुरुवातीलाच म्यूट लावलेल्या ट्रम्पेटचा उल्लेख आहे. त्या काळचा म्यूट लावला की वाद्याचा सूर एक स्वर वर चढायचा. म्यूटमुळे सूर हलतो ही तक्रार तेव्हापासूनची आहे आणि आजही पूर्ण मिटलेली नाही.

आज बाजारात दिसणारे बहुतेक म्यूट आवाजाचा रंग बदलण्यासाठी असतात. स्ट्रेट म्यूटवर कॉर्कच्या तीन पट्ट्या असतात. त्यांच्या मधल्या फटींतून हवा आणि आवाज दोन्ही बाहेर येतात. सूर टोकदार, धातूसारखा होतो, पण शेजाऱ्यांची झोप उडायची ती उडतेच. कप म्यूटने आवाज मऊ होतो. अमेरिकन जॅझवादक माइल्स डेव्हिस ज्यासाठी ओळखले जातात तो हार्मन म्यूट. त्याला कॉर्कची पूर्ण कडी असते आणि आवाज बारीक होतो, पण तो आवाज बारीक असूनही भेदक असतो.

'म्यूट' हा शब्द वाचून यातला एखादा रियाजासाठी घेतला जातो आणि तिथेच पैसे वाया जातात. शांत वाजवायचं असेल तर पाकिटावर 'प्रॅक्टिस म्यूट' असंच लिहिलेलं हवं.

प्रॅक्टिस म्यूट काम कसं करतो?

ट्रम्पेटचा जवळपास सगळा आवाज बेलमधून बाहेर पडतो. प्रॅक्टिस म्यूटला कॉर्कची किंवा फोमची पूर्ण कडी असते. ती बेलला चारही बाजूंनी घट्ट चिकटते, त्यामुळे आवाज म्यूटच्या पोकळीत अडकतो.

पण वाजवणारा सतत फुंकत असतो. ती हवा बाहेर गेलीच नाही तर सूर लागणार नाही. म्हणून म्यूटमध्ये एक किंवा अनेक बारीक भोकं ठेवलेली असतात. या म्यूटचं सगळं गणित या भोकांशी येऊन थांबतं.

भोक मोठं ठेवलं तर श्वास मोकळा जातो, पण आवाजही निसटतो. भोक बारीक केलं तर खोलीबाहेर काही ऐकू येत नाही, पण फुंकलेली हवा उलटी तोंडावर दाब देते. शीतपेयाच्या जाड नळीतून आणि कॉफी ढवळायच्या बारीक नळीतून फुंकून पाहिलं की हा फरक लगेच कळतो.

त्यात सुराचाही प्रश्न येतो. ट्रम्पेटच्या नळीतली हवा बेलच्या विशिष्ट आकारामुळे सुरात राहते. त्या आकारात बूच बसलं की हिशेब बदलतो. बहुतेक प्रॅक्टिस म्यूटने सूर थोडा चढतो आणि खालचे सूर डळमळतात.

म्हणजे मागण्या तीन आहेत. कमी आवाज, मोकळा श्वास आणि खरा सूर. तिन्ही शंभर टक्के देणारा म्यूट अजून बनलेला नाही. त्यामुळे 'सगळ्यात चांगला कोणता' यापेक्षा 'या तिन्हींपैकी काय सोडलेलं चालेल' हा प्रश्न कामाचा आहे.

मुख्य प्रकार चार

पहिला, अॅल्युमिनियमचा म्यूट. डेनिस विकसारख्या कंपन्यांचे असे म्यूट अनेक वर्षांपासून वापरात आहेत. टिकाऊ असतात आणि आवाज चांगलाच दाबतात. श्वासाला मात्र अडथळा जाणवतो.

दुसरा, प्लास्टिकचा हलका म्यूट. न्यूझीलंडच्या ब्रेमनर यांचा 'श्शम्यूट' यातला ओळखीचा. वजन कमी आणि श्वास त्यातल्या त्यात मोकळा, म्हणून रोज तासभर वाजवणारे याकडे वळतात.

तिसरा, बेलच्या आत जवळपास पूर्ण मावणारा छोटा म्यूट. जपानच्या बेस्ट ब्रासचा 'वॉर्म-अप' हा म्यूट असा आहे. तो बेलमध्ये तसाच ठेवून वाद्य पेटीत बंद करता येतं. लोकलने किंवा बसने फिरणाऱ्यांना आणि कार्यक्रमाआधी पाच मिनिटं ओठ तापवणाऱ्यांना तो सोयीचा पडतो.

चौथा, इलेक्ट्रॉनिक. यामाहाने १९९० च्या दशकात 'सायलेंट ब्रास' आणलं. यात म्यूटच्या आत छोटा माइक असतो. त्याची वायर खिशात मावणाऱ्या यंत्राला जाते आणि हेडफोनमध्ये मोठ्या सभागृहात वाजवल्यासारखा आवाज ऐकू येतो. मोबाइलवरचं गाणं जोडून त्यासोबतही वाजवता येतं. किंमत साध्या म्यूटच्या कितीतरी पट असते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. शेजाऱ्यांपर्यंत जाणारा आवाज यंत्रामुळे कमी होत नाही, तो बुचामुळेच कमी होतो. यंत्र वाजवणाऱ्याच्या कानांसाठी असतं. शांतता एवढीच गरज असेल तर साधा म्यूट पुरतो.

विकत घेताना काय तपासायचं?

शक्य असेल तर स्वतःचं ट्रम्पेट घेऊन दुकानात जावं. बेलचा आकार प्रत्येक वाद्यात थोडा वेगळा असतो. कॉर्नेट, फ्लूगलहॉर्न आणि पॉकेट ट्रम्पेट यांना ट्रम्पेटचा म्यूट बसेलच असं नाही.

म्यूट लावून सगळ्यात खालच्या सुरापासून हळूहळू वर जावं. खालचे सूर फुटत असतील किंवा लागतच नसतील तर तो म्यूट बाजूला ठेवावा. मग मोबाइलवरचं ट्यूनर अॅप सुरू करून मधले आणि वरचे सूर लांब धरून बघावेत. सगळे सूर सारखेच चढत असतील तर काळजी नाही, ट्यूनिंग स्लाइड किंचित बाहेर ओढली की काम होतं. पण एक सूर चढतोय आणि दुसरा उतरतोय असं झालं, तर तो म्यूट कान बिघडवेल.

त्यानंतर सलग पाच मिनिटं वाजवावं. दोन सुरांत सगळेच म्यूट बरे वाटतात, दम लागतो की नाही ते पाच मिनिटांनी कळतं. तेवढ्या वेळात सोबतच्या माणसाला दाराबाहेर उभं करावं. वाजवणाऱ्याला जे ऐकू येतं त्यावर जाऊ नये, आवाज दाराबाहेर किती जातो ते महत्त्वाचं. डेसिबलच्या हिशेबात १० ने कमी झालेला आवाज कानाला साधारण निम्मा वाटतो. त्यामुळे छोट्या आकड्याचा फरकही मोठा असतो.

म्यूटचं वजनही बघावं. जड म्यूटने ट्रम्पेटचं तोंड खाली झुकतं आणि ते सावरताना माउथपीस ओठांवर जास्त दाबला जातो. नवशिक्यांना ही सवय महागात पडते.

म्यूटची सवयही लागू नये

म्यूट लावल्यावर जोर लावून फुंकण्याचा मोह होतो. महिनोन्महिने तसंच वाजवलं की म्यूट काढल्यावर सूर कर्कश येतो किंवा विखुरतो. म्हणून आठवड्यातून काही वेळा तरी मोकळं वाजवायला जागा शोधावी. रिकामी गच्ची, शाळेचं मैदान, बँडची तालमीची खोली, काहीही चालेल. रोजच्या रियाजातही दुपारची दहा मिनिटं म्यूटशिवाय मिळाली तर सूर जागेवर राहतो. शेजाऱ्यांना आधी सांगून वेळ ठरवली तर बरेचदा तीही मिळते. मोकळं वाजवण्याआधी ओढलेली स्लाइड परत जागेवर ढकलायला विसरू नये.

म्यूट बसवताना बेलमध्ये तोंडाची ओलसर वाफ सोडावी आणि म्यूट हलकेच फिरवत दाबावा. कोरडा कॉर्क निसटतो आणि पडलेल्या म्यूटला पोचा येतो. वाजवून झालं की आतलं पाणी काढून म्यूट सुकवावा. कोकण किंवा मुंबईच्या पावसाळ्यात तो ओला पेटीत ठेवला तर कॉर्क खराब होतो.

म्यूट घेईपर्यंत घरगुती उपायही आहेत. कपड्यांनी भरलेल्या उघड्या कपाटाकडे तोंड करून वाजवलं की बराच आवाज कपडे शोषून घेतात. बेलमध्ये टॉवेल कोंबणं मात्र टाळावं, त्याने सूर पार बिघडतो. आणखी एक साधी गोष्ट, ताल धरताना पाय आपटू नये. खालच्या मजल्यावर ट्रम्पेट ऐकू गेलं नाही तरी टाच नक्की ऐकू जाते.

थोडक्यात, भिंतीपलीकडे झोपलेलं बाळ किंवा आजारी माणूस असेल तर सगळ्यात शांत म्यूट घ्यावा आणि थोडा अडथळा सोसावा. रोज तासभर वाजवायचं असेल तर श्वास मोकळा ठेवणारा घ्यावा आणि रात्री १० च्या आत थांबावं. फक्त ओठ तापवायचे असतील तर छोटा म्यूट पुरे. आणि शिकायला नुकतीच सुरुवात केली असेल तर सूर खरा ठेवणारा म्यूट निवडावा, कारण कमी-जास्त आवाज नंतरही सांभाळता येतो, पण सुरुवातीला चुकीचा बसलेला सूर सुधारायला फार वेळ जातो.