जमिनीखालील मलवाहिनी : घर विकत घेण्यापूर्वीची एक परीक्षा

घर विकत घेणारा मनुष्य भिंतींचे तडे न्याहाळतो, छपराची गळती पाहतो, नळाला पाणी किती येते याची चौकशी करतो. परंतु त्याच घरातील सांडपाणी व मैला वाहून नेणारे नळ अंगणाखाली पुरलेले असतात. ते दृष्टीस पडत नाहीत आणि म्हणून सहसा कोणी त्यांची विचारपूस करीत नाही. वस्तुतः घराच्या आरोग्याचा फार मोठा भाग या अदृश्य नळांवर अवलंबून असतो.

मलवाहिनीचे कार्य

पिण्याचे पाणी दाबाखाली वाहते. मैलापाणी मात्र बहुधा केवळ गुरुत्वाकर्षणाने वाहते. यास्तव मलवाहिनीला योग्य उतार असावा लागतो. १०० मिलिमीटर व्यासाच्या नळाला ४० मीटर लांबीत सुमारे १ मीटर उतार देण्याची जुनी रीत आहे. प्रवाहाचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरपेक्षा कमी राहिला, तर घन पदार्थ तळाशी साचू लागतात. नळ एके ठिकाणी जरी खचला, तरी त्या खळग्यात पाणी तुंबते, गाळ बसतो आणि अखेर संपूर्ण वाहिनी अडते.

जुन्या घरांतून भाजलेल्या मातीचे झिलईदार नळ सिमेंटने जोडलेले आढळतात. जमीन थोडी खचली की हे सांधे उकलतात. सांध्यातून झिरपणाऱ्या ओलाव्याकडे पिंपळ, वड, उंबर यांसारख्या वृक्षांची मुळे वाढत जातात. केसासारखे बारीक मूळ फटीतून आत शिरते, तेथे पाणी व पोषण मिळाल्याने फोफावते, आणि त्याच्या जाळ्यात चिंध्या व तेलकट पदार्थ अडकतात. लोखंडी नळ गंजतात. सिमेंटच्या नळांत वेगळीच क्रिया घडते : मैल्यातून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइड वायूपासून सूक्ष्मजंतू गंधकाम्ल तयार करतात आणि ते नळाचा वरचा भाग खाऊन टाकते.

लंडनमधील एक उदाहरण

नादुरुस्त मोरी किती घातक ठरू शकते, याचे उत्कृष्ट उदाहरण लंडन शहराच्या इतिहासात सापडते. १८५४ साली सोहो भागातील ब्रॉड स्ट्रीट परिसरात पटकीच्या साथीने सहाशेहून अधिक माणसे दगावली. डॉ. जॉन स्नो यांनी या साथीचा संबंध रस्त्यावरील एका पंपाच्या पाण्याशी जोडला. तथापि विहीर उघडून पाहिली असता तिच्या विटकामात छिद्र अथवा भेग आढळली नाही.

पुढे हेन्री व्हाइटहेड या धर्मोपदेशकाने चौकशी करता असे कळले की, पंपाशेजारच्या ४० क्रमांकाच्या घरात साथीच्या आरंभी एक तान्हे मूल आजारी पडले होते आणि त्याची दुपटी धुतलेले पाणी घरापुढील मलकुंडात टाकले जात होते. १८५५ साली तेथे खणून पाहण्यात आले. मोरीच्या विटा निखळल्या होत्या, चुना झिजून गेला होता आणि ही मोरी विहिरीपासून तीन फुटांहूनही कमी अंतरावरून जात होती. वरवरच्या पाहणीत निर्दोष ठरलेल्या विहिरीचे रहस्य खणल्यावरच उघड झाले.

परीक्षा कशी करावी

आज परीक्षेसाठी अंगण खणण्याची आवश्यकता सहसा पडत नाही. प्रथम घराचा नकाशा पाहावा. मैला सार्वजनिक गटारात जातो की सेप्टिक टँकमध्ये, टाकीचे पाणी कोठे मुरते आणि जवळ विहीर वा कूपनलिका आहे काय, हे समजून घ्यावे. नंतर सर्व चेंबरांची झाकणे उघडवून घरातील नळ एकाच वेळी सोडावेत. पाणी चढून थांबत असेल, तर पुढे अडथळा आहे असे समजावे. बंद घरात वाहिनी कोरडी व स्वच्छ दिसते. तेवढ्यावर विसंबू नये.

सरळ वाहिनीच्या एका चेंबरात दिवा व दुसऱ्यात आरसा धरला असता, आरशात प्रकाशाचे पूर्ण वर्तुळ दिसले पाहिजे. ते खंडित दिसल्यास नळ खचला आहे किंवा त्यात काही अडकले आहे. वाहिनीचे खालचे तोंड बंद करून आत धूर सोडल्यास, जेथून धूर बाहेर पडतो तेथे दोष असतो. सर्वांत विश्वसनीय उपाय म्हणजे लवचिक तारेच्या टोकाशी बसविलेला लहान कॅमेरा नळात सरकविणे. त्यामुळे उकललेले सांधे, मुळे व खळगे प्रत्यक्ष दिसतात.

यासाठी कोणाही मनुष्यास चेंबरात वा टाकीत उतरवू नये. तेथील विषारी वायूंनी काही क्षणांत मृत्यू ओढवतो. संरक्षक साधनांवाचून सफाईसाठी माणूस उतरविणे हा भारतात २०१३ च्या कायद्यान्वये अपराध आहे.

दोष आढळला म्हणजे घर त्याज्य ठरते असे नव्हे. दुरुस्ती विक्रेत्याने करून द्यावी किंवा तिचा खर्च किमतीतून वजा व्हावा, हे व्यवहारापूर्वी लेखी ठरविता येते. सामाईक इमारतीत वाहिनीची जबाबदारी कोणावर आहे हेही विचारावे. खरेदीखतावर सही झाल्यानंतर मात्र घराबरोबर त्याच्या जमिनीखालील दोषांचा भारही बहुधा नव्या मालकाच्याच माथी येतो. आणि मोरी फुटली असेल, तर त्याची झळ शेजारच्या विहिरीचे पाणी पिणाऱ्यांनाही पोचते.